मेहरेझियाचं एक वाक्य

मेहरेझियाला ‘लाबास?’ असं विचारलं की ती विचारात पडायची. आमच्याकडे हा प्रश्न विचारात पडण्यासाठी नसतोच. लाबास म्हणजे ठीक ना, काही वाईट नाही ना. समोरच्यानेही लाबास म्हणायचं, देवाचे आभार मानायचे आणि उलट तुमच्या आईचं, मुलांचं, दुकानाचं विचारायचं. घराचं छप्पर उडालेलं असो की नवरा गेलेला असो, उत्तर तेच. स्फाक्स या आमच्या बंदराच्या शहरात मी याच उत्तरावर वाढले आणि मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं. मेहरेझिया मात्र थांबून म्हणायची, पाठ दुखतेय, काल भावाशी वाजलं, बाकी बरंय. विचारणारा कानकोंडा होऊन निघून जायचा. आमच्या ऑफिसखाली मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं, त्या दुकानदाराने तर तिला विचारणंच सोडून दिलं होतं. तो नुसती मान हलवायचा.

ती गोड बाई नव्हती हे आधीच सांगून टाकते. मी डब्यात कांदा-मनुकांचा शरमूला नेला, तर मालक बोटं चाटत असताना ही म्हणायची, कांदा करपलाय. आधी ती शाळेत गणित शिकवायची. आईबाप येऊन विचारत, आमचा मुलगा कसा चाललाय, आणि ही खरं सांगायची. मुख्याध्यापकांनी तिला समजावून पाहिलं, मग तेही थकले. चाळिशीला आल्यावर तिने प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं आणि आमच्याकडे आली.

तिच्या या वागण्याचं मूळ तिच्या बापात होतं. ती केरकेन्नाची, म्हणजे स्फाक्ससमोरच्या बेटांवरची. बापाची शरफिया होती. उथळ समुद्रात खजुराच्या झावळ्या रोवून कुंपण करतात, मासे त्यात शिरतात आणि त्यांना बाहेरची वाट सापडत नाही, ती शरफिया. बाप परत आला की आई दारातून विचारायची, लाबास? तो म्हणायचा, लाबास. टोपली भरलेली असली तरी लाबास, रिकामी असली तरी लाबास. शेवटी आईने ऐकणं सोडलं आणि टोपलीत डोकावायला शिकली. बोटीचं इंजिन भर समुद्रात निकामी झालं तेव्हाही बापाने कितीतरी दिवस लाबास म्हणून वेळ मारून नेली होती. घराला कळलं ते मेकॅनिकच्या बायकोकडून. मेहरेझिया हे सांगायची तेव्हा तिच्या तोंडावर अशी शिसारी यायची, की ऐकणाऱ्याला आपणच काही केलंय असं वाटावं.

आमचं ऑफिस म्हणजे एक खोली आणि आम्ही तिघं. मालक सी तौहामी, सी म्हणजे तुमच्याकडचं ‘राव’, मी आणि ती. सी तौहामी वाईट माणूस नाही, पण कशालाही स्पष्ट हो म्हणणार नाही की नाही म्हणणार नाही, ताकास तूर लागू देणार नाही. कोळ्यांच्या संघाचं काम त्यानेच मिळवलं होतं. बेटांभोवती समुद्रात खांब रोवले होते. प्रत्येक खांबावर वारा मोजणारं यंत्र होतं, आणि ते वाऱ्याची दिशा आणि वेग आमच्याकडे पाठवायचं. आमचा प्रोग्रॅम ते वाचून ज्याची शरफिया ज्या खांबाजवळ, त्याच्या फोनवर पहाटे निरोप धाडायचा. समुद्र शांत आहे, जा. किंवा जपून. किंवा जाऊ नका. कोळी आधी हसले, मग त्यांना सवय झाली. मेहरेझियाने तो लिहिला होता आणि तिला त्याचा अभिमान होता. कारण बेटावर लाबास न म्हणणारं कुणीतरी आता दुसरंही होतं.

ज्या भाषेत तो प्रोग्रॅम लिहिला तिचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तिचे भक्त माझ्या दारात येऊन बसतील आणि मला त्यांना कॉफी पाजायची इच्छा नाही. अशा प्रत्येक भाषेबरोबर एक मूळ लायब्ररी येते. रोजची कामं करणारी तयार फंक्शनं असतात तिच्यात, आणि प्रत्येक फंक्शनचं एक पान असतं. हे काय करतं, काय घेतं, काय देतं, आणि काही बिघडलं तर काय होतं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. काम नीट झालं तर काय होतं हे मला शेंबडं पोरही सांगेल.

मेहरेझिया ती पानं औषधाच्या पुडीतला कागद वाचावा तशी वाचायची, वरपासून खालपर्यंत, पडद्यावर बोट ठेवून. तिच्या बोटांचे ठसे मी पुसायची. मजकुरातून पूर्णांक काढणाऱ्या फंक्शनच्या पानावर लिहिलं होतं, मजकूर आकडा नसेल तर एरर देतं. छान. तारीख काढणाऱ्याच्या पानावर होतं, तारीख चुकीची असेल तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो. हेही ठीक, निदान कळलं तरी. फाइल उघडणाऱ्याच्या पानावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं, अडचण आल्यास वापरणाऱ्याने पाहून घ्यावं. हे लिहिणाऱ्याला एकदा समोर बसवून मला विचारायचं आहे, की काय पाहून घ्यावं. आणि अपूर्णांक काढणाऱ्याच्या पानावर एकच ओळ होती. मजकुराचं अपूर्णांकात रूपांतर करतं. पुढे पूर्णविराम.

एकाच घरातली ही भावंडं. थोरल्याने एरर दिली तर धाकटाही देईल, असं कुणीही धरून चालेल. आमच्या धंद्यातला प्रत्येक माणूस असंच धरून चालतो. मेहरेझियाने वाऱ्याच्या दिशेच्या जागी मुद्दाम अक्षरं घालून पाहिलं. दिशा पूर्णांकात यायची. एरर आली, निरोप अडला, जसा अडायला हवा तसा. वेग अपूर्णांकात यायचा. त्याच्या जागी अक्षरं घालून पाहायचं तिला सुचलं नाही. उठताबसता दुसऱ्यांच्या डब्यातला करपलेला कांदा काढणारी बाई, पण हे तिने करून पाहिलं नाही. कारण छापलेल्या पानावर तिचा विश्वास होता. माणसांच्या बोलण्यावर नव्हता, पानावर होता.

हिवाळ्यात एका सकाळी हमादी गेला. बेटाच्या टोकाला राहणारा, साधा, जरा बडबड्या. त्या मोसमात त्याच्या बाजूच्या खांबाच्या हद्दीत त्याची एकट्याचीच शरफिया उरली होती, बाकीच्यांनी आपल्या दुसरीकडे हलवल्या होत्या. त्या सकाळी बाकी सगळ्यांना ‘जाऊ नका’ आलं आणि सगळे घरी राहिले. हमादी पहाटे निघाला. त्याच्या घरासमोर बेटाचा आडोसा होता, तिथलं पाणी स्थिर दिसत होतं. आडोसा संपला आणि वाऱ्याने बोट उलटी केली. त्याचं प्रेत किनाऱ्याला लागलं ते दुसऱ्या दिवशी. फोन सापडलाच नाही.

बातमी आली तेव्हा मेहरेझियाने त्या खांबाने काय पाठवलं होतं ते उघडलं. दिशा बरोबर होती. वेगाच्या जागी नुसत्या आडव्या रेघा होत्या. यंत्राच्या वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्या मिठाने घट्ट बसल्या होत्या, वेग मोजता येत नव्हता, आणि यंत्राने बिचाऱ्याने जमेल तसं ते सांगितलं होतं. मग तिने त्या रेघा अपूर्णांकाच्या फंक्शनला दिल्या. मी तिच्या खुर्चीमागे उभी होते. एरर आली नाही. प्रोग्रॅम थांबला नाही. पडद्यावर शून्य आलं.

"वारा शून्य," ती म्हणाली.

शून्य म्हणजे समुद्र शांत आहे, जा. ती त्या शून्याकडे अशी पाहत होती, जसं ते तिच्या ओळखीचं कुणी असावं. मग माझं नाव घेऊन म्हणाली, "हा लाबास म्हणतोय, वसीला. टोपली रिकामी आहे आणि हा लाबास म्हणतोय."

त्याच दिवशी तिने प्रोग्रॅम दुरुस्त केला. मग सी तौहामीला सांगितलं, की चूक खांबाची नाही, लिहिलेल्या प्रोग्रॅमची आहे, म्हणजे माझी, आणि हे हमादीच्या घरी कळायला हवं. सी तौहामीने दार लावून घेतलं, संघाच्या अध्यक्षाला फोन केला, बराच वेळ हं, हं करत राहिला. मग आम्हाला म्हणाला, यंत्र बिघडलं, देवाची मर्जी, एवढंच खरं आहे आणि एवढंच पुरे आहे. निरोपावरचा विश्वास उडाला तर उद्या लोक खऱ्या ‘जाऊ नका’लाही जुमानणार नाहीत आणि आणखी माणसं मरतील. या बोलण्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणत नाही. पण त्याच्या पुढच्या वाक्याने सगळ्यावर पाणी पडलं.

"आणि कुणी विचारलंय का आपल्याला?" तो म्हणाला. "न विचारलेलं सांगायचं कशाला?"

मेहरेझियाने तिथे वाद घातला नाही. तिच्या डोक्यात वेगळंच होतं. आमच्याकडे मर्तिकाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत. साखर न्यावी, कॉफी न्यावी, काहीतरी न्यावं. ती म्हणाली, मी हमादीच्या बायकोकडे साखर घेऊन जाऊ? मी एक वाक्य घेऊन जाईन. भाषा सांभाळणाऱ्यांकडून त्या अपूर्णांकाच्या पानावर ते लिहून घेईन, की दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याला असा निरोप जाऊ नये. मग तिच्यासमोर उभी राहीन. मला तेव्हा वाटलं, किती वेळ लागणार आहे? एका वाक्याचं तर काम.

तिचं वाक्य मला पाठ आहे. आकडा वाचता आला नाही तर हे शून्य देतं आणि काही सांगत नाही. बस. भाषा सांभाळणारे देशोदेशी विखुरलेले, शिकलेले, हसऱ्या फोटोंचे लोक. त्यांच्या चर्चेच्या पानावर तिने हे वाक्य ठेवलं आणि खाली लिहिलं, की यामुळे एक माणूस बुडाला आहे.

पहिलं उत्तर आलं, की हे पहिल्यापासून असंच आहे, बदललं तर कितीतरी जुने प्रोग्रॅम मोडतील. तिने लिहिलं, बदलू नका, फक्त लिहा. दुसरा म्हणाला, जाणकार माणूस फंक्शनचा कोड उघडून पाहतो, कोड खोटं बोलत नाही. म्हणजे विहिरीवर पाटी लावायची नाही, ज्याला खोली हवी त्याने उडी मारून बघावं. कुणीतरी तिच्या बुडालेल्या माणसाखाली हसऱ्या तोंडाचं चित्र चिकटवलं होतं. चुकून असेल, मी म्हटलं. ती म्हणाली, चुकून असेल तर काढता येतं. ते तिथेच राहिलं.

मग एक फार नम्र गृहस्थ आले. त्यांनी आधी तिचे आभार मानले, झालेल्या घटनेबद्दल खेद व्यक्त केला, आणि मग लिहिलं, की लेखनाच्या नियमाप्रमाणे बिघाडाबद्दलचा मजकूर फक्त ‘एरर’ या मथळ्याखाली द्यायचा असतो, आणि तो मथळा फक्त एरर देणाऱ्या फंक्शनांच्याच पानावर असतो. हे फंक्शन एरर देत नाही. त्यामुळे त्याच्या पानावर तो मथळा येऊ शकत नाही, आणि मथळा नाही म्हणून वाक्यही येऊ शकत नाही.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. ते फंक्शन तोंड उघडत नाही, म्हणून त्याच्या तोंड न उघडण्याबद्दल कुठे लिहायचं नाही. मला आयुष्यात इतकी किळस मासळीबाजाराच्या गटारीचीही आली नव्हती. गटार निदान आपण गटार आहोत हे लपवत नाही. या माणसांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं हे मला ठाऊक आहे, आणि तेच जास्त घाण वाटतं. चोरी करणाऱ्याला शिव्या तरी घालता येतात.

मेहरेझिया चिडली नाही. तिने विचारलं, मग ‘टिपा’ या मथळ्याखाली लिहू का? कुणी म्हणालं, टिपा फक्त वेगाबद्दल असतात. कुणी म्हणालं, ‘काही सांगत नाही’ हे शब्द नकारात्मक आहेत, ‘सुलभपणे शून्य धरतं’ असं म्हणता येईल. त्यावर आणखी दोघांत ‘सुलभपणे’ या शब्दावरून जुंपली. मग सगळे आपापल्या वाटेने गेले आणि घोंगडं भिजत पडलं. ती रोज ऑफिसात आली की आधी ते पान उघडायची, मग डबा टेबलावर ठेवायची.

एकदा मी आठवड्याची मासळी घ्यायला गेले होते. केरकेन्नाची एक ओळखीची बाई वाळवलेले अष्टपाद घेऊन बसायची. मी सवयीने लाबास केलं, तिनेही केलं, आणि मग भाव करता करता हमादीचा विषय निघाला. ती म्हणाली, सगळ्या गावाला ‘जाऊ नका’ आलं, एकटा हाच शहाणा निघाला. हट्टी. बायकोशी खोटं बोलून गेला. दलेन्दा, त्याची बायको, आता त्याचं नाव घेत नाही, त्याचे कपडेही तिने चाळिसाव्या दिवसाची वाट न पाहता देऊन टाकले. "मेलेल्यावर रागावू नये गं उख्ती, माझ्या बहिणी," ती अष्टपाद तागडीत टाकत म्हणाली, "पण तिचंही काय चुकलं?"

मी मासळी तिथेच ठेवून आले. मेहरेझियाला सांगितलं तेव्हा ती जेवत होती. तिने पाव खाली ठेवला. इतके दिवस तिला वाटत होतं, की आपण गप्प आहोत त्याचं ओझं आपल्यावर आहे. ते भलत्याच माणसाच्या डोक्यावर जाऊन बसलं होतं, आणि तो काही बोलायला परत येणार नव्हता. संघ मूग गिळून बसला, सी तौहामी बसला, आणि गावाने आपल्याला हवं ते धरून घेतलं. पान कोरं असलं की लोक असंच करतात, तिनेही तेच केलं होतं.

चाळिसावा जवळ आला होता. आदल्या सकाळी तिने पान उघडलं आणि मला हाक मारली. तिच्या मागणीवर शिक्का बसला होता, हालचाल नसल्यामुळे बंद. हे माणसाने केलेलंही नव्हतं. ज्या मागणीवर काही काळ कुणी बोलत नाही ती आपोआप बंद करणारा एक प्रोग्रॅम त्यांनी ठेवला आहे. खाली त्याचं ठरलेलं वाक्य होतं, आपल्या योगदानाबद्दल आभारी आहोत.

"उद्या जाते मी," मेहरेझिया म्हणाली.

"मी येते."

"साखर घेऊ नकोस."

सी तौहामीला कुठून तरी कळलं. फेरीबोट सुटायच्या आधी त्याचा फोन आला. गोड बोलला, बाईसाहेब म्हणावं तसं लल्ला मेहरेझिया म्हणाला, दुखवट्याला चालली आहेस, दुखवटा करून ये, घरच्यांना आणखी दुखवू नकोस. तिने म्हटलं, हो, आणि फोन ठेवला. खोटं बोलली का, असं मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "हो म्हणजे ऐकलं. करीन असं कुठे म्हटलं?" त्या दिवसातलं तिचं एवढंच हसणं.

दलेन्दाचं घर बायकांनी भरलं होतं. अंगणात पुरुष कुराण म्हणत होते, मागच्या बाजूला कुसकुसची मोठी भांडी वाफाळत होती. दलेन्दा भिंतीला टेकून बसली होती. वाळकी, ताठ, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. प्रत्येक येणारी वाकून तिला लाबास विचारत होती आणि ती प्रत्येकीला लाबास म्हणत होती, देवाचे आभार मानत होती. मेहरेझिया तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. आपण कुणाची मुलगी ते सांगितलं. लाबास विचारलं नाही.

"हमादीच्या फोनवर वाऱ्याचा निरोप यायचा," ती म्हणाली, "तो प्रोग्रॅम मी लिहिलाय."

"चांगला लिहिलास," दलेन्दा म्हणाली. "ज्यांनी ऐकला ते जगले. आमच्याला कुणाचं ऐकायची सवय नव्हती."

"त्याला ‘जाऊ नका’ आलं नव्हतं."

दलेन्दाने काही विचारलं नाही, म्हणून मेहरेझियाच पुढे बोलली. तुझ्याकडच्या खांबाला त्या सकाळी वेग मोजता आला नाही, तिने सांगितलं. आकडा वाचता आला नाही तर ते शून्य देतं आणि काही सांगत नाही. शून्य म्हणजे वारा नाही. त्याला निरोप गेला, समुद्र शांत आहे, जा. हे मी आधी तपासायला हवं होतं. तपासलं नाही.

मला वाटलं आता दलेन्दा हात उचलेल, आणि उचलला असता तर मी मध्ये पडले नसते.

"फोन वाजला," ती म्हणाली, "तेव्हा मी आत होते. आतूनच विचारलं, काय म्हणतोय? तो दारातून म्हणाला, लाबास. आणि गेला."

"हो."

"मला वाटलं, नेहमीसारखं."

"नाही. त्या दिवशी तसंच लिहून आलं होतं. त्याने वाचून सांगितलं."

"खरं बोलला तो?"

"खरं बोलला."

दलेन्दाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आवाज फार हळू होता, मी वाकले म्हणून ऐकू आला. त्याला बाहेर नेत होते तेव्हा मी तोंड फिरवलं, ती म्हणत होती. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांसमोर पाहिलं नाही.

कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवायला आलं. तिने तो हात बाजूला केला, डोळे पुसले आणि मेहरेझियाला दंडाला धरून उठवलं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला हमादीची आई बसली होती. इतक्या दिवसांत सून तिच्याशी धड बोलली नव्हती, हे नंतर कळलं. दलेन्दाने मेहरेझियाला तिच्यासमोर नेऊन उभं केलं.

"हिला सांग. मोठ्याने सांग, तिला कमी ऐकू येतं."

मेहरेझियाने पुन्हा सगळं सांगितलं. खांब, रेघा, आकडा वाचता आला नाही तर ते शून्य देतं आणि काही सांगत नाही. सगळी खोली ऐकत होती. मथळ्याशिवाय ते वाक्य तिथे बसलं, कुणालाही त्यात समजायला जड काही वाटलं नाही. म्हातारी एवढंच म्हणाली, की माझा मुलगा हट्टी नव्हता, मी सांगत होते. तिचं कुणी ऐकलं नव्हतं.

"आणि तू इतके दिवस होतीस कुठे?" दलेन्दाने विचारलं.

"एका वाक्यासाठी थांबले होते."

"कसल्या?"

"आता जे सांगितलं त्याच. जिथे लिहायला हवं तिथे लिहून घेऊन मग तुझ्याकडे यायचं होतं. त्यांनी लिहिलं नाही."

"म्हणजे त्यांनी नाही लिहिलं," दलेन्दा म्हणाली, "आणि तू नाही सांगितलंस."

मेहरेझियाने होय म्हणून मान हलवली.

"आता जा. जेवायला थांब म्हणणार नाही मी. परत या घरात येऊ नकोस."

चाळिसाव्याच्या घरातून माणसाला उपाशी पाठवत नाहीत. मी तरी असं कधी पाहिलं नव्हतं. मागच्या बाजूने एक बाई कुसकुसची परात घेऊन येत होती, ती आम्हाला पाहून परातीसकट एका अंगाला झाली. आम्ही चपला शोधल्या. मेहरेझियाला चपलेचा पट्टा लावता येईना, तो मी लावला.

फाटकात आम्हाला एक म्हातारी भेटली, उशिरा आलेली, हातात साखरेची पुडी. ती आम्हालाही लाबास म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता आत गेली. दारातूनच तिने हाक दिली, "लाबास गं, दलेन्दा?"

"नाही, मावशी," आतून दलेन्दाचा आवाज आला. "बस इथे. हमादी काय म्हणाला होता ते सांगते."